अंगठा, सही आणि समज

आज आपण एका वाक्याचा इतिहास पाहणार आहोत. वैद्यकीय संशोधनात भाग घेणाऱ्या माणसाकडून जे संमतीपत्र भरून घेतात, त्याच्या शेवटच्या पानावर हे वाक्य असतं. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर असा: ‘वरील सर्व माहिती मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आली असून ती मला पूर्णपणे समजली आहे.’ खाली सही, नाहीतर अंगठा.

आता गंमत बघा. ‘मला समजली आहे’ हे वाक्य ज्याला समजायचं आहे त्याने लिहिलेलं नसतं. ते आधीच छापून आलेलं असतं. पेशंट दवाखान्याची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी त्याला सगळं समजलेलं असतं, कागदावर. शंभरेक वर्षांच्या इतिहासात कागद वाढत गेला, कायदे आले, समित्या आल्या. पण खरंच समजलं का, हे विचारायला कुणी खुर्ची ओढून समोर बसलं, ते फार उशिरा. आज त्या उशिराबद्दल बोलू.

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवू, कारण ऐकणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांची जी सही घेतात, ती उपचाराची संमती. तिथे डॉक्टर तुमच्यासाठीच काम करत असतो. संशोधनाची संमती निराळी. तिथे डॉक्टरला एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं, आणि ते उत्तर तुमच्या अंगावर शोधलं जाणार असतं. तुम्हाला फायदा होईल किंवा होणारही नाही. तुम्हाला कोणतं औषध मिळणार हे कदाचित डॉक्टरही ठरवणार नाही, कॉम्प्युटर ठरवेल. समोर तोच पांढरा कोट असतो, तोच टेबल, तोच केसपेपर. फरक फक्त हेतूत, आणि हेतू काही डोळ्यांना दिसत नाही.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्या प्रयोगशाळेत लस बनवायला बसले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, आणि तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना ही लस दिली गेली. बाकीच्यांना दिली नाही, आणि दोन्ही गटांतले आजारी आणि मृत मोजले. लस घेतलेल्यांत प्लेग कमी आढळला. हाफकिनच्या लशीचा मोठा पुरावा म्हणून हा प्रयोग पुढे सांगितला गेला.

ते कैदी ‘स्वयंसेवक’ होते असं इतिहास सांगतो. पण तो काळ डोळ्यांपुढे आणा. बाहेर घरझडत्या चालल्या होत्या, माणसं उचलून छावण्यांत नेली जात होती. पुण्यात याच प्लेगबंदोबस्तावरचा संताप २२ जून १८९७ रोजी रँडच्या खुनापर्यंत गेला. अशा दिवसांत, साथ आत शिरलेल्या तुरुंगात, गोऱ्या साहेबांच्या देखरेखीखाली एखाद्या कैद्याने हात पुढे केला, तर त्यात त्याची समज किती, भीती किती आणि आशा किती? हाफकिनची नियत खोटी होती असं आम्ही अजिबात म्हणत नाही. स्वतःच्या दंडात आधी सुई टोचून घेणारा माणूस होता तो. पण कोण ‘तयार’ झालं एवढीच नोंद होती. कशाला तयार झालं, हा प्रश्न त्या काळात कुणाला पडतच नव्हता.

तो प्रश्न पडला तीनच वर्षांनी, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी. १९०० सालच्या उत्तरार्धात.

पहिलं ठिकाण क्यूबा. अमेरिकन सैन्याचे डॉक्टर वॉल्टर रीड पिवळा ताप डासांमुळे पसरतो का, याचा शोध घेत होते. त्यांचे सहकारी जेसी लाझीर याच कामात सप्टेंबरमध्ये पिवळ्या तापाने दगावले होते. त्यानंतर हवानाजवळ लाझीरच्याच नावाने तळ उभारला आणि माणसांना मुद्दाम डास चावून घ्यायला लावायचं ठरलं. काही अमेरिकन सैनिक पुढे आले. त्यातल्या किसिंजर आणि मोरन या दोघांनी तर पैसेही नाकारले. पण स्पेनमधून नुकते आलेले मजूरही हवे होते. त्यांच्यासाठी रीडने करारपत्र बनवलं, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. प्रयोगात भाग घेतला की शंभर डॉलर सोन्यात, ताप आला तर आणखी शंभर, आणि मेला तर रक्कम तो सांगेल त्या माणसाला. वय पंचविसाच्या वर हवं.

माणसाच्या स्वतःच्या भाषेत, धोका सांगणारा, सहीचा कागद. वैद्यकाच्या इतिहासात याचं कौतुक होतं ते रास्तच आहे. पण करार नीट वाचला तर आपलं ते वाक्य तिथेही सापडतं. सही करणाऱ्याला पूर्ण समजलं आहे, असं त्यात लिहिलंय. काय समजलं आहे? की ताप आला तर जिवाला काही प्रमाणात धोका आहे. पण या बेटावर राहायचं म्हटलं तर ताप टळणं शक्यच नाही. तेव्हा मुद्दाम लावून घेऊन उत्तम शुश्रूषा मिळवलेली बरी. मजुराच्या तोंडी घातलेलं हे शहाणपण रीडच्या बाजूने लिहिलेलं आहे. ‘काही प्रमाणात’ हे दोन शब्द बघा. याच तापाने सहकारी मेला होता हो!

आणि पुढची हकिकत रीडनेच थोड्या मिश्कीलपणे नोंदवली आहे. हे स्पॅनिश मजूर सुरुवातीला डासांची चेष्टा करत, जेवणाच्या टेबलावर घोंघावणाऱ्या चिलटांसारखे तर आहेत म्हणत. मग एकेकाला ताप चढला, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, आणि उरलेल्यांपैकी कित्येकांचा विज्ञानातला रस एका दिवसात संपला. ते चालते झाले. समज ही अशी येते. सही करताना त्यांच्याकडे कागद होता, समज आली ती स्ट्रेचर बघून. तरीसुद्धा आमच्या मते आज ज्या माणसांबद्दल आपण बोलणार आहोत, त्या सगळ्यांत या मजुरांची समज बरीच बरी होती. ते निरोगी होते. पैसे कशाचे मिळतात हे त्यांना ठाऊक होतं. समोरचा माणूस आपल्याला बरं करायला आलेला नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुसरं ठिकाण प्रशिया. ब्रेस्लाऊचे प्राध्यापक अल्बर्ट नायसर, गोनोरियाचे जंतू शोधणारे मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी उपदंशाच्या रोग्यांचं रक्तद्रव्य काही स्त्रियांना टोचलं होतं. त्यांत वेश्याव्यवसायातल्या मुली होत्या. त्यांना काही सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. काहींना पुढे उपदंश झाला. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, नायसरना दंड झाला, आणि २९ डिसेंबर १९०० रोजी प्रशियाच्या मंत्रालयाने हुकूम काढला: उपचाराखेरीज दुसऱ्या हेतूने काही करायचं असेल, तर संभाव्य दुष्परिणाम नीट समजावून मगच संमती घ्यायची, अल्पवयीनांवर करायचंच नाही. १९३१ साली जर्मनीने याहून सविस्तर नियम केले. पुढे त्याच देशात छळछावण्यांमध्ये काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. चांगला नियम कपाटात असतो आणि माणसं बाहेर असतात.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल देताना दहा कलमं सांगितली. पहिलं कलम संमतीचं. आपल्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट अशी, की संमती ऐच्छिक हवी एवढ्यावर न्यायाधीश थांबले नाहीत. माणसाला पुरेशी माहिती आणि आकलन हवं, तरच ती संमती, असं त्यांनी म्हटलं. आकलन! शब्द आला. पण आकलन तपासायचं कसं, यावर पुढची तीसेक वर्षं फारशी कुणी मान वर केली नाही. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खटल्याच्या निकालात ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’ ही जोडी वापरली गेली आणि रूढ झाली. आपल्याकडे तिला कुणी माहितीपूर्ण संमती म्हणतात, कुणी सुजाण संमती. १९६४ मध्ये हेलसिंकीचा जाहीरनामा आला. १९६६ मध्ये हेन्री बीचर या हार्वर्डच्या डॉक्टरने प्रतिष्ठित संस्थांमधल्या बावीस आक्षेपार्ह प्रयोगांची यादीच छापली. हे सगळं चालू असताना अमेरिकेतच अलाबामात एक अभ्यास निवांत सुरू होता.

इथे आपण जरा थांबू. टस्कीगीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, ‘उपचार नाकारले’ एवढी. आम्हाला तिच्यातलं भाषेचं प्रकरण जास्त अस्वस्थ करतं.

मेकन परगण्यातले सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुष, बहुतेक गरीब शेतमजूर. ३९९ जणांना उपदंश, २०१ जणांना नाही. १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने उपदंश उपचारांविना कसा वाढतो हे पाहायला सुरुवात केली. त्या माणसांना मात्र सांगितलं की तुमचं ‘रक्त खराब’ आहे, आणि त्यासाठी डॉक्टर तपासतायत. त्या भागात रक्त खराब असणं म्हणजे काहीही असू शकत होतं: अशक्तपणा, अंग दुखणं, उपदंश, सगळंच. लोकांचाच शब्द उचलून त्यांना परत दिला. साध्या सोप्या बोलीभाषेत सांगा, म्हणजे समजतं, असं आपण नेहमी म्हणतो. इथे बोलीभाषेतच सांगितलं होतं आणि त्या भाषेनेच झाकलं.

पुढे पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं होतं. तो तपास होता, त्रासदायक होता, आणि रोग्याला त्याचा उपयोग शून्य. माणसं येणार नाहीत म्हणून पत्रं गेली, त्यात लिहिलं होतं: खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी. माणसं आली. त्यांना गरम जेवण मिळायचं, गाडीतून नेणं-आणणं व्हायचं, आणि मेल्यावर दफनखर्चाला पैसे. त्या बदल्यात घरच्यांनी शवविच्छेदनाला परवानगी द्यायची. म्हणजे बघा, सबंध अभ्यासात संमती काळजीपूर्वक घेतली ती मेल्यानंतरच्या देहाची. जिवंत माणसाला कुणी विचारलं नाही. १९५८ मध्ये पंचवीस वर्षांच्या सहभागाबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रं दिली आणि वर्षाला एक याप्रमाणे पंचवीस डॉलर. पेनिसिलिन येऊन दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. १९७२ च्या जुलैत पीटर बक्सटन याने दिलेल्या माहितीवरून बातमी फुटली, तेव्हा कुठे हे थांबलं. आपण उपचार घेतोय या समजुतीत माणसांनी चाळीस वर्षं काढली होती.

टस्कीगीनंतर अमेरिकेत आयोग बसला आणि १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल निघाला. त्यात संमतीचे तीन भाग केले: माहिती, आकलन, ऐच्छिकता. शिवाय एक बारीकशी सूचना आहे, जी फार थोडे लोक वाचतात: धोका मोठा असेल तर समजलं की नाही याची तोंडी किंवा लेखी परीक्षा घेणं योग्य ठरेल. बत्तीस वर्षांपूर्वी न्यूरेंबर्गमध्ये उमटलेला शब्द पहिल्यांदाच कामाला लागण्याची शक्यता निर्माण झाली.

तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, पॉल ॲपलबाम, लोरेन रॉथ आणि चार्ल्स लिड्झ यांनी अगदी साधं काम केलं. मनोविकारांवरच्या संशोधनात संमती घेतली जात असताना ते ऐकत बसले आणि मग सही केलेल्या माणसांशी बोलले. त्या माणसांना सांगितलेलं होतं की कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल. तरीही कित्येकांचं ठाम मत होतं: डॉक्टरांनी माझी प्रकृती बघून मला योग्य तेच दिलं असणार. कुणी फसवलं नव्हतं, कागद बिनचूक होता. पण ऐकणाऱ्याच्या मनात ‘डॉक्टर’ या शब्दाचा एकच अर्थ होता, आणि त्या अर्थाने कागदावरचे सगळे शब्द आपल्याला हवे तसे वळवून घेतले. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं, ते मराठीत सांगायचं तर ‘उपचाराचा गैरसमज’. प्रयोगाला उपचार समजणं.

आता कुणी म्हणेल, मनोरुग्ण होते, त्यांचं सोडा. किंवा म्हणेल, हे अडाणी लोकांत होतं. दुसरं वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. त्याला उत्तर बॉस्टनमध्ये आहे. २००१ साली लॅन्सेटमध्ये स्टीव्हन जॉफी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. बॉस्टनमधल्या नावाजलेल्या कर्करोग केंद्रांत चाचण्यांमध्ये भाग घेतलेले दोनशे सात रुग्ण. त्यातले नव्वद टक्के संमतीच्या प्रक्रियेवर समाधानी होते. आपल्याला नीट माहिती आहे असं बहुतेकांना वाटत होतं. मग प्रश्न विचारले. चौऱ्याहत्तर टक्क्यांना आपल्याला मिळतोय तो नेहमीचा, प्रमाणित उपचार नाही हे लक्षातच आलेलं नव्हतं. सत्तर टक्क्यांना हा उपचार अजून सिद्ध झालेला नाही हे उमगलं नव्हतं. ‘समजलं’ असं वाटणं आणि समजणं यांत केवढी दरी आहे ती बघा, आणि तीही जगातल्या उत्तम रुग्णालयांत.

त्याच अभ्यासात आणखी काही निघालं. पहिल्याच भेटीत सही न करता कागद घरी नेलेल्यांची समज अधिक होती. बोलण्याच्या वेळी नर्स हजर होती, तिथे अधिक होती. कागद काळजीपूर्वक वाचणाऱ्यांची अधिक होती, हे उघडच आहे. शिक्षणाचा फायदा होता, नाही असं नाही. पण रात्रभर मध्ये जाऊ देणं आणि खोलीत नर्स असणं, या गोष्टींना पदवी लागत नाही.

भारताकडे येऊ. १९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या एका संस्थेने गर्भाशयमुखाच्या पेशींमधले कर्करोगपूर्व बदल कसे पुढे सरकतात याचा अभ्यास केला. अकराशेच्या वर स्त्रिया, त्यांच्यावर उपचार न करता नजर ठेवलेली. काहींच्या बाबतीत कर्करोगापर्यंत गोष्ट गेली. १९९७ मध्ये हे उजेडात आल्यावर सांगण्यात आलं की तोंडी संमती घेतली होती. तोंडी संमती ही वाईट गोष्ट नाही, एरवी आपले कितीतरी व्यवहार शब्दावर चालतात. पण त्या शब्दांत काय काय होतं, हे शब्द हवेत विरल्यावर कसं कळणार? २००० साली आयसीएमआरची सविस्तर नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि कागद आला.

कागद आल्यावर काय झालं ते खम्ममने दाखवलं. २००९ मध्ये तेव्हाच्या अखंड आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदरा इथे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. अमेरिकेतली ‘पाथ’ ही संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं यात होती. सात मुलींचा मृत्यू झाल्याची बातमी आली आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं. मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता दिसत नाही, असं चौकशी समितीने सांगितलं. ही लस आज जगभर वापरात आहे. तेव्हा लशीला दोष देऊन हा विषय गुंडाळू नका. आपला मुद्दा कागदाचा आहे.

संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांचा हिशेब मांडला. त्यातल्या १,९४८ पत्रांवर अंगठे होते. आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. आईबापांनी केल्या नव्हत्या. आश्रमशाळेत, वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुली. पालक पाड्यावर, मजुरीवर. वॉर्डनने सही केली, काम झालं. आम्हाला विचाराल तर अंगठ्यांपेक्षा या सह्या जास्त बोलतात. अंगठा देणाऱ्या बापाला निदान समोर बसवलं गेलं असेल, त्याने दोन प्रश्न तरी विचारले असतील. वॉर्डनची सही सुवाच्य असते, कायदेशीर दिसते, आणि तिच्यामागे मुलीची किंवा तिच्या घरच्यांची समज रतीभरही नसते.

शिवाय हे संशोधन की लसीकरण? प्रकल्प चालवणाऱ्यांचं म्हणणं होतं की ही औषधचाचणी नव्हेच. काम सरकारी आरोग्य यंत्रणेच्या मदतीने चाललं होतं. पोलिओचा डोस देणारी तीच यंत्रणा दारात आली, तर पालक काय समजणार? टस्कीगीत जे झालं ते आणि हे एका मापाने मोजता येणार नाही, तिथे जाणूनबुजून खोटं होतं. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर समजूत तीच: सरकार आपल्या भल्यासाठी काहीतरी देतंय.

याच सुमारास इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाची औषधचाचण्यांविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. २०१३ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने सांगितलं आणि नोव्हेंबरात औषध नियंत्रकांनी हुकूम काढला: प्रत्येकाच्या संमतीचं ध्वनिचित्रमुद्रण करा. म्हणजे कॅमेरा लावा. २०१५ मध्ये ही सक्ती आवरती घेऊन नव्या रेणूंच्या चाचण्यांतल्या दुर्बल सहभागींपुरती ठेवली. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी नुसता आवाज नोंदवायचा, चेहरा नको.

मग शंभरेक वर्षांच्या या सगळ्या कागदकामाने समज वाढली का? २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये तीन दशकांतल्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. आपण केव्हाही बाहेर पडू शकतो, हे सुमारे तीनचतुर्थांश सहभागींना कळलं होतं. चिठ्ठ्यांसारखी वाटणी आणि बिनऔषधाची गोळी, म्हणजे प्लासिबो, या गोष्टी जेमतेम अर्ध्यांहून थोड्या अधिक लोकांना. आणि तीस वर्षांत हे प्रमाण वाढलेलं नव्हतं.

मराठीत हे आणखी अवघड का होतं, ते आपण आपल्याच शब्दांत तपासू. ‘क्लिनिकल ट्रायल’ला आपण ‘वैद्यकीय चाचणी’ म्हणतो. आता रक्ताची चाचणी, लघवीची चाचणी, कोविडची चाचणी हे शब्द ज्या बाईने आयुष्यभर ऐकले, तिला ‘तुम्ही चाचणीत भाग घ्याल का’ विचारलं तर ती दंड पुढे करेल, रक्त द्यायला. ‘कंट्रोल ग्रुप’चा केला ‘नियंत्रण गट’. शुगर नियंत्रणात, बीपी नियंत्रणात. मग नियंत्रण गटात पडणं हे चांगलंच असणार! आणि ‘यादृच्छिक’ हा शब्द तर मराठीच्या एम.ए.लाही अडखळवतो. त्यावर उपाय म्हणून ‘चिठ्ठी टाकून ठरवू’ म्हणतात, ते बरंच बरं आहे. पण चिठ्ठी टाकणं आपल्याकडे आंधळं मानत नाहीत. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तो उत्तर मिळावं म्हणूनच. चिठ्ठी उघडली की तिच्यात कुणाचीतरी इच्छा असते. ॲपलबामच्या रुग्णांना वाटायचं डॉक्टरने निवडलं. आपल्याकडे देवानेही निवडलं असेल. छापा-काटा म्हणावं तर जिवाशी खेळ वाटतो. यावर शब्दकोशात उत्तर नाही. शब्द वापरून मग समोरच्याला ‘तुम्ही काय ऐकलंत’ विचारावंच लागतं.

तसं विचारून झालंही आहे. २००४ साली जेम्स फ्लोरी आणि इझीकिएल इमॅन्युएल यांनी समज वाढवण्याच्या नाना उपायांचा आढावा घेतला होता: व्हिडिओ, कॉम्प्युटर, सुटसुटीत फॉर्म. यांचा फायदा थोडका. त्यातल्या त्यात उपयोगी ठरलं ते एका माणसाने दुसऱ्याशी जास्त वेळ बोलणं. एचआयव्हीच्या लशीच्या चाचण्यांत तर सहीच्या आधी छोटी परीक्षा घेण्याची रीत पडली. चुकलं तर पुन्हा समजावायचं, पुन्हा विचारायचं. पुण्यातही २००५ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत अशा लशीची चाचणी सुरू झाली होती, निरोगी स्वयंसेवकांवर. पुन्हा बघा, निरोगी. क्यूबाच्या मजुरांसारखे, ज्यांना समोरच्याकडून बरं व्हायचं नव्हतं. जिथे समजणं सोपं तिथे परीक्षा, आणि कर्करोगाच्या वॉर्डात, जिथे आशेमुळे ऐकू येणंच बंद होतं, तिथे सहसा छापील वाक्य.

आपल्याकडच्या ओपीडीत एका पेशंटला किती मिनिटं मिळतात हे सांगायला नको. वीस-पंचवीस पानी मराठी संमतीपत्र त्या मिनिटांत ‘समजावलं’ जातं. वाचता न येणाऱ्यासाठी निष्पक्ष साक्षीदार हवा असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण साक्षीदार साक्ष देतो ती समजावल्याची. आणि बऱ्याचदा तो वॉर्डातल्याच दुसऱ्या पेशंटचा नातेवाईक असतो, ज्याला स्वतःच्या माणसाच्या सलाइनची काळजी असते.

२०१३ च्या त्या हुकुमात मात्र एक तपशील आहे. नुसतं माहिती देतानाचं चित्रीकरण करा असं त्यात म्हटलेलं नाही. माहिती देण्याची रीत आणि सहभागीची समज, दोन्ही नोंदवा असं म्हटलं आहे. समजेचं चित्रीकरण कसं करणार? मान हलवणाऱ्या माणसाचं करता येतं, ‘हो, कळलं’ म्हणणाऱ्याचंही करता येतं. समज हवी असेल तर कॅमेरा त्याच्याकडे वळवून म्हणावं लागेल, आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल, तुम्हाला कोणतं औषध मिळणार, ते कोण ठरवणार, मध्येच सोडलंत तर काय होईल. मग जे काही तो बोलेल, अडखळत, चुकत, स्वतःच्या बोलीत, ते या सबंध इतिहासातलं पहिलं ‘मला समजलं’ असेल जे दुसऱ्या कुणी त्याच्यासाठी आधीच लिहून ठेवलेलं नाही. अशा फिती संस्थांना जपून ठेवाव्या लागतात. पन्नास वर्षांनी कुणी इतिहासकाराने त्या लावल्या, तर त्याने आधी एवढंच मोजावं: डॉक्टर किती मिनिटं बोलतो आणि पेशंट किती.

प्रश्न घेऊ या.